धूमकेतू-चित्रण विधी

धूमकेतू म्हणजे बर्फ, धूळ आणि खडक यांचा सूर्याभोवती फिरणारा गोळा. तो सूर्याजवळ आला की तापून वायू व धूळ सोडू लागतो आणि त्यांचे पुच्छ सूर्याच्या विरुद्ध दिशेला पसरते. त्याचे दुर्बिणीतून छायाचित्र घेण्याच्या विधीस पाच द्रव्ये लागतात: दुर्बीण, कॅमेरा, विषुववृत्तीय बैठक, दव टिपण्यास जुने धोतर आणि सोसायटीच्या गच्चीची किल्ली. पहिली चार विकत मिळतात. पाचवी चेअरमनकडे असते व ते गावाला गेलेले असतात.

विषुववृत्तीय बैठक म्हणजे जिचा एक अक्ष पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवला असता मोटर दुर्बिणीला ताऱ्यांच्या गतीने, तासाला १५ अंश, फिरवते ती बैठक. हा अक्ष ध्रुवताऱ्याजवळच्या खगोलीय ध्रुवाकडे रोखावा असे शास्त्र आहे. परंतु पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर असतो आणि नेमकी तेथेच शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी येत असल्याने साधकाने टाकीलाच ध्रुवपद द्यावे. धूमकेतू ताऱ्यांमधून स्वतंत्रपणे सरकत असल्यामुळे अनेक अल्पकालीन चित्रे घेऊन ती संगणकावर एकदा ताऱ्यांशी व एकदा धूमकेतूच्या शीर्षाशी जुळवावी लागतात. हे काम पहाटेपर्यंत चालते.

यानंतर मुख्य अडचण येते. एक मीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीतून मध्यम आकाराच्या संवेदकावर आकाशाचा जेमतेम सव्वा अंश रुंदीचा तुकडा मावतो, तर ठळक धूमकेतूचे पुच्छ कित्येक अंश लांब असते. अर्थात ज्याच्यामुळे त्याला शेंडेनक्षत्र म्हणतात तो शेंडाच चौकटीबाहेर राहतो आणि हाती एक पुसट ठिपका लागतो. त्याच वेळी शेजाऱ्यांचा पुतण्या कठड्याला फोन टेकवून दहा सेकंदांत सबंध धूमकेतू टिपतो. ते चित्र प्रमाण मानू नये.

मुहूर्ताविषयी मतभेद नाहीत. निओवाइज धूमकेतू संध्याकाळच्या आकाशात जुलै २०२० मध्ये आला, म्हणजे ऐन पावसाळ्यात. त्सुचिनशान-अ‍ॅटलास ऑक्टोबर २०२४ च्या मध्यास, परतीच्या पावसाच्या दिवसांत. निओवाइज सुमारे ६,८०० वर्षांनी परतणार असल्याने दुर्बीण विकण्याची घाई करू नये. हॅलेचा धूमकेतू त्यामानाने लवकर येईल: तो २८ जुलै २०६१ च्या सुमारास सूर्याच्या सर्वांत जवळ असेल, आणि महाराष्ट्रात तेव्हाही पावसाळाच असेल.