टायरात बत्तीस, अंगात एकशेवीस: नवशिक्यांसाठी दाबाचं रूपांतर

सर्वप्रथम गाडी पेट्रोल पंपावरच्या हवेच्या नळीपाशी लावावी. "किती टाकू, साहेब?" असा प्रश्न येईल. "पुढे तीस, मागे बत्तीस," असं ठणकावून सांगावं. कशाचे बत्तीस, हे कोणी कोणाला विचारायचं नसतं. चौकस मंडळींसाठी: ते पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला तितके पौंड. मेट्रिक वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला. टायरपर्यंत तो अजून पोचायचा आहे.

आता दार उघडून चौकटीवरचं स्टिकर वाचावं. तिथे २.२ बार किंवा २२० किलोपास्कल असं काहीतरी असेल. घाबरू नये. बारला साडेचौदाने गुणावं, ३१.९ येतात. उरलेला ०.१ हवेवाल्याला बक्षीस द्यावा. कॉम्प्रेसरवाला मात्र 'केजी'त बोलतो. त्याचे सात केजी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सात किलो, सुमारे शंभर पीएसआय. केजी आणि बार यांच्यात दोन टक्क्यांचा फरक आहे. तो काढून दाखवणाऱ्याशी वाद घालू नये. त्याचं बरोबर असतं आणि त्याच्याकडे वेळही असतो.

हवामान खात्याचं काम सगळ्यांत सोपं. मिलीबारचं हेक्टोपास्कल करताना आकडा तोच ठेवून नाव बदलायचं. सरकारदरबारी याहून बिनचूक झालेला बदल माझ्या पाहण्यात नाही.

खरी मेख पुढेच आहे. बसलेल्या टायरला गेज लावलं की शून्य दिसतं. आत मात्र बाहेरच्याइतकाच दाब असतो, समुद्रसपाटीला १४.७ पीएसआय. गेज तो हिशेबातच धरत नाही. वातावरणाच्या वर काय, तेवढंच सांगतं. शिट्टीच्या बेतात आलेल्या कुकरचा दाब गेजच्या भाषेत एक केजी, खरा जवळजवळ दोन. म्हणून तर आतलं पाणी शंभरला न उकळता १२० अंशांच्या आसपास जातं आणि तूरडाळ मऊ होते. बॉईलच्या सूत्रात गेजचा आकडा घालणाऱ्याला गणित येतं, उत्तर येत नाही.

राहता राहिला रक्तदाब. डॉक्टरांचे एकशेवीस हे पाऱ्याचे मिलिमीटर. सतराव्या शतकात तोरिचेल्लीने काचेच्या नळीत पारा उभा केला, तेव्हापासून हा हिशेब चालू आहे. ५१.७ ने भागलं की २.३ पीएसआय मिळतात. म्हणजे हृदयाचा जोर टायरच्या चौदाव्या हिश्शाइतका. हे डॉक्टरांना सांगू नये; ते गोळी बदलतील.

पारा पाण्याच्या १३.६ पट जड, तेव्हा १२० मिलिमीटर पारा म्हणजे पाण्याचे सुमारे १.६ मीटर. टाकी गच्चीच्या जमिनीवरच ठेवलेली आणि अर्धी रिकामी असेल, तर वरच्या मजल्यावरच्या शॉवरच्या वाट्याला साधारण तेवढंच येतं. प्लंबर "प्रेशरच नाही" म्हणाला, तर त्याला खुशाल सांगावं, की प्रेशर अगदी नॉर्मल आहे.