खड्ड्याची निगा

पर्जन्यबाग म्हणजे मुद्दाम केलेला उथळ खड्डा. तळाशी वाळू-खत, वर वाळा, कर्दळ. वाटेवरचं पाणी त्यात उतरतं आणि एक-दोन दिवसांत मुरतं. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये १९९०च्या सुमारास ही शक्कल रुजली. नाशकात खड्डे त्याआधीपासून आहेत, फक्त जागा चुकल्या.

आपल्या उद्यानात असा खड्डा केला तर पुढचं सांगायला ज्योतिषी नको. पहिल्या वर्षी फीत, फलक, सेल्फी पॉइंट. दुसऱ्या वर्षी पाणी आत येण्याच्या तोंडाशी गाळ आणि वेफर्सची पाकिटं. ती उपसणार कोण? निविदेत ‘सुशोभीकरण’ असेल, ‘निगा’ नसेल. तिसऱ्या वर्षी पाणी तुंबेल, डासांची तक्रार येईल आणि रामबाण उपाय निघेल: पेव्हर ब्लॉक!

मग पाणी जाणार कुठे? जोराचा पाऊस झाला की सराफ बाजारात दुकानांच्या पायऱ्या चढतं तिथेच. गोदेला पूर आला की पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, यावरून आपण तो मोजतो. बिनपगारी, बिनरजेचा असा कर्मचारी दुसरा मिळायचा नाही. उद्यानातला गाळ काढायचं कामही त्याच्याच अंगावर टाकावं. निविदेचा खर्च तरी वाचेल.