तोडगा, दोनशे रुपये

मराठी पुढारी दिल्लीला निघाले की मथळा तयारच असतो : ‘तोडगा निघणार!’ तोडगा म्हणजे मुळात दृष्ट, बाधा उतरवायचा गावठी उपाय. लिंबू, मिरच्या, तिठ्यावर ठेवलेला उतारा. वर्तमानपत्रांनी त्याला कोट चढवून वाटाघाटींना बसवलं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नच घ्या. 1966 साली महाजन आयोग नेमला, 1967 साली अहवाल आला, महाराष्ट्राने तो फेटाळला. 2004 पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात. तोडगा अधूनमधून ‘दृष्टिपथात’ येतो. (दृष्ट तिथेच लागत असावी.)

त्याच दिल्लीत, सरोजिनी नगरच्या बाजारात, परवा मावशीने ढिगातून एक कुर्ता उपसला, उलटा करून शिवण पाहिली.

‘साढ़े तीन सौ.’

‘डेढ़ सौ.’

विक्रेत्याने कपाळावर हात मारला. मावशीने पिशवी काखेला लावली आणि मागे न बघता चार पावलं टाकली. पाचवं पडायच्या आत हाक आली, ‘अच्छा आंटी, दो सौ!’

ना आयोग, ना अहवाल, ना पुढची तारीख. कुर्त्याच्या काखेत भोक होतं, ते घरी आल्यावर दिसलं. त्यावरचा तोडगा मावशीच्या सुईदोऱ्याच्या डबीत होता.