डिटेक्टर हातात, मोबाइल पाठीवर
(इंग्लंडात नव्यानेच मेटल डिटेक्टर विकत घेतलेल्या मंडळींसाठी)

अभिनंदन! यंत्र घरी यायला अजून दोन दिवस आहेत, पण छंद सुरू झालाच आहे. रात्रीचे दोन वाजलेत, तुम्ही पांघरुणात आहात आणि नॉरफकमधला कुणी अनोळखी गृहस्थ चिखलातून चांदीचं नाणं काढतोय ते मोबाइलवर बघताय. या वेळेला 'अभ्यास' म्हणायचं. घरात विचारणा झाली तर हाच शब्द, तोही जरा थकलेल्या आवाजात.

एक गोष्ट मात्र आत्ताच समजून घ्या. वीस मिनिटांच्या व्हिडिओत सात नाणी निघतात, कारण मधली पायपीट कापलेली असते. त्या कापलेल्या भागात कोल्ड्रिंकच्या डब्यांच्या कड्या, काडतुसांच्या पितळी टोप्या आणि नांगराचे तुटके बोल्ट असतात. तुमच्या वाट्याला तोच भाग येणार आहे. डब्याची कडी डिटेक्टरमध्ये अगदी सोन्याच्या अंगठीच्या सुरात बोलते. हा सूर ओळखायला कुठलाही व्हिडिओ शिकवू शकत नाही. कड्याच उपसाव्या लागतात.

आपल्याकडे गुप्तधन शोधायचं तर पायाळू माणूस गाठायचा आणि त्याच्या डोळ्यांत अंजन घालायचं. इथे अंजनाचं काम इंटरनेट करतं, आणि थट्टा बाजूला ठेवली तर बरं करतं. एन्व्हायर्नमेंट एजन्सीचे लायडार नकाशे फुकट बघता येतात. विमानातून सोडलेल्या लेझरने केलेली ती मोजणी झाडंझुडपं वगळून नुसती जमीन दाखवते. नांगरून सपाट झालेले बांध आणि चर त्यात पुसटसे उठून दिसतात. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर जुने ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे आजच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवून बघता येतात. त्यात मोडलेली पायवाट शोधा, बुजलेली विहीर शोधा. माणसं जिथे थांबतात, वाकतात, कुंपण ओलांडतात, तिथेच त्यांच्या खिशातून काहीतरी पडतं. आणि जिथे जायचं ते शेत संरक्षित स्मारकाच्या हद्दीत येतं का, हेही याच बैठकीत पाहून घ्या. तिथे परवान्याशिवाय डिटेक्टर चालवणं हा गुन्हा आहे, मग शेतमालकाने कितीही प्रेमाने 'या' म्हटलेलं असो. इतर बहुतेक ठिकाणी त्याचं 'या' पुरतं. ते लेखी घ्यावं.

आता मूळ प्रश्न: शेतात किती वेळ, स्क्रीनवर किती? वेळापत्रकं आखू नका. ते काम गहू करतो. ऑगस्टमध्ये कापणी होते, धसकटं उरतात, तुमचे दिवस सुरू होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरणी होते, अंकुर वर आले की शेतकरी हात हलवून तुम्हाला बाहेर काढतो. पुढच्या ऑगस्टपर्यंत कुरण मिळालं तर मेंढ्यांच्या संगतीत, नाहीतर मोबाइलच्या.

तेव्हा शेतात असताना तरी मोबाइल खिशात नको. हा संस्कारांचा भाग नाही, भौतिकशास्त्राचा आहे. डिटेक्टरची कॉइल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, धातूत त्याने प्रवाह फिरतात, त्यांचं उलटं क्षेत्र कॉइल टिपते. मोबाइल जवळ असला की या नाजूक संभाषणात तो मध्येमध्ये बोलतो. नवशिक्याचा ठरलेला प्रसंग असा: सुरेख सिग्नल येतो. तुम्ही गुडघ्यावर बसता, गवताचा चौकोन तीन बाजूंनी कापून चौथ्या बाजूवर उलटता, माती फडक्यावर काढता, खड्ड्यात पिनपॉइंटर, म्हणजे हातातला छोटा डिटेक्टर, घालता. तो गप्प. जरा मागे घेता, तर किंचाळतो. पुन्हा खड्ड्यात, पुन्हा गप्प. दहा मिनिटांनी कळतं की तो तुमच्या जीन्सच्या पुढच्या खिशाला बघून ओरडतोय. (पोलादी टोकाचे बूट घातले असतील तर डिटेक्टर तुमचा अंगठाही दर पावलाला शोधून काढेल.)

मोबाइल गाडीतही ठेवू नका. पाय मुरगळला तर उपयोगी पडतो आणि वस्तू नेमकी कुठे सापडली ते नोंदवायलाही लागतो. पाठीवरच्या पिशवीत, वरच्या कप्प्यात ठेवा. तिथून तो काढायचा तर पिशवी उतरवावी लागते, चिखलाचे हातमोजे काढावे लागतात. एवढ्या खटाटोपात निम्मे मेसेज आपोआप अनावश्यक ठरतात.

वेळेच्या हिशेबाचे नियम कडक आहेत. शेतातला वेळ म्हणजे फक्त कॉइल हलत असलेला वेळ. बांधावर बसून सँडविच खात दुसऱ्यांची नाणी बघणं स्क्रीनच्या खात्यात. फोटो चांगला यावा म्हणून नाणं अंगठ्याने चोळणं कुठल्याच खात्यात नाही, कारण ते करायचंच नाही. मातीतली वाळू चांदीवर कायमचे ओरखडे काढते.

प्रेरणा हवी असेल तर १९९२ सालचं सफकमधलं हॉक्सन गाव आठवा. एरिक लॉज हे गृहस्थ खजिना शोधत नव्हतेच. शेतकरी मित्राचा हातोडा हरवला होता, तो शोधायला गेले आणि हाती लागली जवळपास पंधरा हजार रोमन नाणी. त्यांनी सगळं उपसलं नाही; थांबले, कळवलं, उरलेलं उत्खनन पुरातत्त्ववाल्यांनी केलं. हातोडाही सापडला, आणि तोसुद्धा आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आजच्या नवशिक्याने तसला हातोडा रात्री ऑनलाइन मागवला असता.

खरंच काही सापडलं तर मात्र पहिला फोन कुणाला, हे आत्ताच पाठ करा. १९९६च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे इंग्लंडमध्ये खजिन्यात मोडणारी वस्तू चौदा दिवसांत कॉरोनरला कळवावी लागते. होय, संशयास्पद मृत्यूंची चौकशी करतो तोच कॉरोनर. घरी आधीच सांगून ठेवलेलं बरं. भागातल्या फाइंड्स लिएझन ऑफिसरकडे गेलात तर पुढची वाट तो दाखवतो. (भारतात ही खबर कलेक्टरला द्यावी लागते, १८७८च्या कायद्याने, आणि दहा रुपयांवरच्या कुठल्याही गुप्तधनाला तो लागू आहे.) २०१५ मध्ये हेरफर्डशरमध्ये दोघांना वायकिंग काळातला ठेवा सापडला. त्यांनी कळवलं नाही, नाणी विकायला काढली आणि मोबाइलमधले फोटो पुसले. पोलिसांनी फोटो परत मिळवले. २०१९ मध्ये दोघेही तुरुंगात गेले, जिथे शेत आणि स्क्रीन यांचा समतोल सरकार सांभाळतं.

कळवून झालं की फोटो टाका, हौस करा. पण मागचा चर्चचा मनोरा, विजेचा खांब, ओळखीचं फाटक कापून टाका. रात्री बॅटऱ्या घेऊन दुसऱ्याच्या शेतात शिरणारी मंडळीही तुमच्याइतकाच अभ्यास करतात. फोटोखाली पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'कुठे सापडलं?' उत्तर द्यायचं, 'शेतात.' फारच लकडा लावला तर, 'ओल्या शेतात.'