बाक बोलत नसतो

खेळातून उपचाराचं प्रशिक्षण आहे, पाच दिवस, लातूरला, असं कळल्यावर मी तात्काळ नाव दिलं. त्याचं खरं कारण निलंगा राईस. बायकोला मात्र बालमानसशास्त्राची ओढ असं सांगितलं. नांदेड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणीतरी पाच दिवस ‘खेळा’ म्हणतंय, तेही कर्तव्यकाळ धरून! असली संधी सोडणारा मास्तर अजून जन्मायचाय.

हॉलमध्ये अंगणवाडीताई जास्त, आम्ही मास्तर मोजके, शिवाय एक बालगृहातले काका. प्रशिक्षक मॅडमनी पहिलंच वाक्य टाकलं, “पाच दिवसांनी तुम्ही थेरपिस्ट होणार नाही. लेकराकडे बघायला शिकलात तरी पुष्कळ. जास्त त्रासातलं लेकरू दिसलं तर तज्ज्ञाकडे पाठवायचं.” हे मी वहीत उतरवलं नाही. मनातल्या मनात घरावरची पाटी रंगवण्यात गुंतलो होतो.

मग नियम आले. व्हर्जिनिया ॲक्सलाइन नावाच्या अमेरिकन बाईंनी १९४७ साली या विषयावर पुस्तक लिहिलं आणि त्यात आठ तत्त्वं मांडली. त्यांचा मथितार्थ असा की लेकरू पुढे, मोठा माणूस मागे. घाई करायची नाही, वाट दाखवायची नाही, बंधन घालायचं तर गरजेपुरतं. मॅडमनी वर आपल्या पदरची दोन पथ्यं घातली. सारखे प्रश्न विचारायचे नाहीत आणि ‘शाब्बास’ म्हणायचं नाही, कारण मग लेकरू स्वतःसाठी खेळायचं सोडून तुमच्या शाब्बासकीसाठी खेळायला लागतं. फक्त दिसेल तेवढं बोलायचं. ‘तू गाडी उलटी केलीस.’ बस्स. मास्तराकडून प्रश्न आणि शाब्बासकी काढून घेतली तर त्याच्याकडे हजेरी आणि खिचडी एवढंच उरतं, पण हे बोलायची सोय नव्हती.

सरावाला उदगीरकडच्या एक ताई लेकरू झाल्या, मी मोठा माणूस. ताई मातीचा गोळा मळायला लागल्या. “हे काय आहे?” मी विचारलं. मॅडमनी एक बोट वर केलं. “किती छान!” दुसरं बोट. मी घाबरून सावरायला गेलो, “हत्तीला सोंड विसरलीस बाळा.” तिसरं बोट वर जायच्या आत ताईच म्हणाल्या, “सर, हत्ती नाही, सासू आहे.”

पाच मिनिटांत माझ्या सात चुका निघाल्या. माझ्या वर्गात एवढ्या चुका करणाऱ्याला मी पालकांना घेऊन यायला सांगतो.

तिसऱ्या दिवशी वाळू. लंडनच्या मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी एच. जी. वेल्सचं जमिनीवरच्या खेळांबद्दलचं १९११ सालचं पुस्तक वाचलेलं होतं. ते आठवून त्यांनी आपल्या दवाखान्यात वाळूचे ट्रे आणि चिमुकली खेळणी ठेवली. मुलं त्यात जे मांडायची त्याला मुलांनीच नाव दिलं, ‘जग’. आमच्यापुढे परातीत वाळू आणि टोपलीभर खेळणी होती. प्रत्येकानं आपलं जग मांडायचं. मी मन लावून मांडलं. वर बघतो तर मॅडम शेजारी उभ्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, “सगळे रांगेत आहेत.”

खरंच होते. वाघ, बाहुली, हनुमान, ॲम्ब्युलन्स, डायनासोर, दोन ओळी, उंचीप्रमाणे, एक हात अंतर सोडून. डायनासोर शेवटी, कारण तो उंच. परिपाठ भरला होता. मला वाळू देऊन काय उपयोग, मी वाळवंटातही रांग लावीन.

माझ्या शेजारची परात किल्लारीकडच्या ताईंची. त्यांनी एकही खेळणं घेतलं नाही. वाळूचं घर केलं, मोडलं, पुन्हा केलं. ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जन आटोपून गाव झोपलेलं असताना पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली, तेव्हा त्या लहान होत्या. “पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो तेव्हा आमचा हाच खेळ होता,” त्या सहज बोलून गेल्या, “रचायचं आन् पाडायचं. मोठी माणसं रागवायची, अभद्र खेळता म्हणून.” मॅडम काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. पाच दिवसांत मला बरोबर जमलेली गोष्ट ही एकच.

परत निघताना खेळण्यांची पिशवी विकत घेतली. यादीत बाहुल्यांचं कुटुंब, डॉक्टरचा संच, प्लास्टिकच्या बेड्या आणि रबरी साप होता. भीतीची खेळणी हवीतच, असं मॅडम म्हणाल्या होत्या. लातूर-नांदेड एसटी. चाकूर सुखरूप गेलं. अहमदपूरच्या अलीकडे गाडी खड्ड्यात आदळली, वरच्या फळीवरची पिशवी उसवली आणि साप खालच्या आजीच्या ओटीत पडला.

“लांबडं! लांबडं!”

अर्धी गाडी सीटवर चढली. कंडक्टरनं घंटी ओढली, सापाला शेपटीनं उचललं, सोबत पडलेल्या बेड्यांकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. “तुमचं हे?”

“औषधाचं आहे,” मी म्हणालो.

“कशावरचं?”

“लेकरांच्या भीतीवरचं.”

आजी छातीवर हात ठेवून म्हणाल्या, “आन् आमच्या भीतीवर काय हाय का पिशवीत?” लोहा येईपर्यंत मी खिडकीबाहेरचं सोयाबीन बघत बसलो.

नांदेडला पुतणीचा सहा वर्षांचा मुलगा आलेलाच होता. त्याला काहीही झालेलं नव्हतं, तरी मी उपचार सुरू केले. सतरंजी अंथरली, खेळणी मांडली (रांगेत नाही, मुद्दाम विस्कटून) आणि मागे सरकून बसलो. त्यानं पोळ्याचा मातीचा बैल आडवा ठेवला.

“तू बैल आडवा ठेवलास.”

“हो.”

“आता तू बाहुली उचललीस.”

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. “मला दिसायलंय की. तुम्ही कामून सांगायलाव?” मग क्षणभर विचार करून म्हणाला, “शाळा शाळा खेळू. मी सर. ह्या बाहुल्या पोरं.”

“आणि मी?”

“तुम्ही बाक.”

लेकरू पुढे, मोठा माणूस मागे. मी गुडघे टेकून ओणवा झालो. पाठीवर बाहुल्यांचं सबंध कुटुंब, साप आणि मेलेला बैल येऊन बसले. सरांनी शिकवायला सुरुवात केली. “गप बसा. हाताची घडी. तोंडावर बोट.” सूर ओळखीचा वाटला, हुबेहूब. वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी मुलाला कल्पना द्यावी, हे मला आठवलं.

“पाच मिनिटं राहिलीत बरं का.”

पाठीवर पट्टी बसली. “बाक बोलत नसतो!”

तेवढ्यात फोन वाजला. मुख्याध्यापकांचा. प्रशिक्षणाचा अहवाल सोमवारी हवा होता. उठलो असतो तर अख्खा वर्ग पडला असता. फोन सरांनीच उचलला.

“सर नाहीत,” तो म्हणाला. “सर बाक झालेत.”