डबल बी

आमच्या माण-फलटणच्या पट्ट्यात मेंढरं पाळणारे पुष्कळ, मेंढरांवर बोलणारे त्याहून पुष्कळ. पण मेंढराचा रिपोर्ट दाखवणारा गावात एखादाच. आमच्याकडे तो मान अप्पांचा. त्यांच्याकडे गेलात की चहाच्या आधी लॅमिनेशन केलेला एक कागद येतो. "वाचा," म्हणतात. आपण वाचायचं. वर नमुना क्रमांक, मध्ये बरंचसं इंग्रजी आणि खाली चौकटीत शेजारी शेजारी दोन 'बी'. वाचून झालं की अप्पा विचारतात, "काय समजलं?" आपल्याला काहीच समजलेलं नसतं, आणि त्यांना नेमकं तेच हवं असतं.

अप्पा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. वडील दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. त्या पायपिटीला कंटाळून पोरानं खाकी चढवली, जन्मभर घंटी मारली आणि फंडाचे पैसे हातात पडताच पुन्हा मेंढरंच घेतली. वडलांच्या मेंढरांना नावं होती, अप्पांच्या मेंढरांना नंबर आहेत. कानात बिल्ला मारायचा चिमटा ते ज्या सफाईनं चालवतात, ती बघितली की तिकिटांना भोकं पाडण्यात गेलेलं आयुष्य फुकट गेलं नाही हे पटतं. बिल्ला मारला की रजिस्टरात नोंद: नंबर, आई, बाप, जन्मतारीख, एकटं की जुळं, वजन. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात एका मेंढीपुढं "विनाकारण भांडते" असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय.

त्यांना हे वेड लागलं फलटणला. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं नव्वदच्या दशकात सुंदरबनातली गरोळ मेंढी आणली. एवढीशी, दहा-पंधरा किलोची, गुडघाभर पाण्यात उभी राहून चरणारी. आपली दख्खनी मेंढी अंगानं तिच्या दुपटीची, पण वेताला बहुतेक एकच कोकरू देणार. ही चिमुरडी सहज दोन-दोन देते. तिचा तो गुण दख्खनीत उतरवून संस्थेनं जी जुळी देणारी मेंढी तयार केली, ती 'नारी सुवर्णा'. त्या कामात पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा होती, ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञही होते.

ऑस्ट्रेलिया म्हटलं की अप्पांचा आवाज चढतो. कारण तिथल्या बुरूला मेरिनो मेंढ्या जुळ्या-तिळ्यांसाठी नावाजलेल्या, आणि त्यांच्यातला हा जीन अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याहून जहाजानं गेलेल्या बंगाली मेंढरांतून आला असावा, असं मानतात. जीनचं नाव 'फेक-बी'. डीएनएत नेमक्या कुठल्या एका अक्षराच्या बदलानं हे घडतं, ते 2001 साली सापडलं. "आपलाच माल," अप्पा मांडीवर थाप मारून म्हणतात, "आन् आपल्यालाच परदेशातनं कळला!" हे वाक्य ते पासपोर्ट, योगासनं आणि हळद यांच्याबद्दलही म्हणतात. पासपोर्टचं काय ते मला अजून उलगडलेलं नाही.

तरी त्यांच्या रिपोर्टात खरंच दम आहे, हे कबूल केलं पाहिजे. मेंढी विते, तिचा गुण डोळ्यांना दिसतो. मेंढा कुठं वितो? त्याच्यात जुळ्यांचा जीन आहे की नाही, हे पूर्वी त्याच्या लेकी विईपर्यंत कळायचं नाही, आणि तोवर तो बहुधा कुणाच्या तरी ताटात जाऊन आलेला असायचा. आता कोकरू असतानाच थोडं रक्त काढून पाठवलं की उत्तर येतं. आईबाप दोघांकडून जीन आला तर 'बी-बी'. असला मेंढा साध्या मेंढ्यांत सोडला की त्याच्या प्रत्येक कोकराला एक 'बी' मिळणारच. एकच 'बी' असलेला मेंढा निम्म्यांनाच देणार. अप्पांचा पांढरा मेंढा डबल बी आहे. त्याच्या रिपोर्टाची एक प्रत देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला आहे. एवढंच की तिला हळदकुंकू लागत नाही.

"आईकडनं काय?" हा अप्पांचा जगातल्या प्रत्येक सजीवाविषयीचा पहिला प्रश्न. गावात कुणाच्या मुलीला स्थळ आलं, मुलगा इंजिनियर आहे, पुण्यात फ्लॅट आहे, सगळं सांगून झालं की अप्पा सुपारी कातरत विचारतात, "ते ठीक हाय. आईकडनं काय?" ऐकणाऱ्याला वाटतं म्हातारा आजोळच्या जमिनीची चौकशी करतोय. एका गृहस्थांनी बिचाऱ्यांनी सात-बारा सांगायला सुरुवात केली होती.

खरी पंचाईत बाजारात होते. लोणंदच्या बाजारात अप्पा डबल बी मेंढ्याची लेकरं विकायला नेतात, प्रत्येकाच्या गळ्यात रिपोर्ट बांधून. व्यापारी येतो, पाठीचा कणा चाचपतो, जबडा उघडून दात मोजतो, कमरेला हात घालून मेंढा उचलून बघतो. मग त्याची नजर कागदावर जाते.

"ह्ये काय? कर्ज काढलंय का मेंढ्यावर?"

"जीन हाय त्येच्यात."

"मटण किती निघंल?"

अप्पा डोळे मिटतात. शेजारी कुणीतरी माडग्याळ जातीचा मेंढा घेऊन उभा असतो, पोपटासारखं बाकदार नाक, अंगावर तांबडे ठिपके. आणि पोरं त्याच्याबरोबर फोटो काढत असतात. 2020 साली आटपाडीच्या बाजारात असल्याच एका मेंढ्याला 70 लाखांची मागणी आली आणि मालकानं दिला नाही, ही बातमी सगळ्या पेपरांत होती. अप्पांनी ती कापून ठेवलीय आणि समासात लाल शाईनं लिहिलंय: "रिपोर्ट?" नाकाला 70 लाख आणि जीनला रुमालाखाली चार बोटं, हा अन्याय त्यांच्या काळजाला लागलेला आहे.

सांत्वनासाठी ते मोबाइलवर अमेरिकेतले वळूंचे लिलाव बघतात. तिथं मांसासाठी अँगस, हेरेफर्ड अशी जनावरं पाळतात आणि विकायच्या वळूचं छापील पुस्तक निघतं. त्याच्या वासरांचं जन्माचं वजन काय असेल, वाढ किती होईल, लेकींना दूध कितपत असेल, मांसात चरबीची जाळी कशी धरेल, सगळ्याचे अंदाज आकड्यांत, डीएनए तपासणीसकट. "बघा, बघा," अप्पा स्क्रीनवर बोट आपटतात, "वळू म्होरं उभा हाय आन् माणसं पुस्तकात बघत्यात! ह्याला म्हणायचं बाजार." गाईचा अख्खा जिनोम 2009 साली प्रसिद्ध झाला, तो माँटानातल्या डॉमिनेट नावाच्या हेरेफर्ड गाईचा. अप्पा तिचा उल्लेख "डॉमिनेटबाई" असा करतात. दुसऱ्या कुठल्या गाईला त्यांनी हा मान दिल्याचं ऐकिवात नाही.

आणि समजा एखाद्यानं रिपोर्ट बघून मेंढा घेतलाच, तर काही महिन्यांनी तो भांडायला येतो. मागच्या वर्षी खटावचा एक जण आला. चप्पल न काढताच बोलायला लागला, "अप्पा, तुमी फशिवलं. सगळ्यांनी येक-येकच दिलं."

"देणारच की," अप्पा शांतपणे म्हणाले. "किती द्यायची, ते मेंढीच्या हातात. मेंढ्याचं काय चालतंय त्यात?"

"मंग मेंढा घेतला कशाला?"

अप्पांनी काठीनं मातीत मेंढा काढला, त्याखाली रेघ, रेघेखाली चार मेंढ्या. यंदा जन्मलेल्या लेकी वाढणार, गाभण जाणार, पाच महिने काढणार, मग जुळी. दोन वर्षं धरून चाला. "मेंढा म्हंजी रिझर्व्हेशन," ते म्हणाले. "सीट तुमचीच हाय. गाडी याची हाय अजून." त्या माणसानं बराच वेळ मातीकडे बघितलं आणि विचारलं, "लेकी तर मी गेल्या म्हयन्यात इकल्या. आता?" अप्पांनी काठी टाकून दिली.

यावर अप्पांच्या बायकोचं, म्हणजे काकींचं, मत विचारावं लागत नाही. ते वाऱ्यावरून येतं. काकींना लिहितावाचता येत नाही, पण प्रत्येक मेंढीच्या आजीपर्यंतची वेतं तोंडपाठ आहेत. अप्पांनी नंबर दिलेली 43 काकींच्या लेखी काळतोंडी आहे. रिपोर्ट येण्याआधीच त्या सांगतात, "हिला कशाला सुई टोचताय? हिच्या आईला दोनदा जुळी झाल्याती." आणि रिपोर्ट बहुतेक वेळा त्यांच्याच बाजूनं येतो. एकदा मात्र काळतोंडीच्या पोरीच्या रिपोर्टात एकही 'बी' निघाला नाही आणि त्याच आठवड्यात तिनं दोन कोकरं टाकली. साध्या दख्खनीला क्वचित जुळी होतातच, शास्त्राला त्यात आश्चर्य नाही. अप्पांना झालं. ते कागद आणि मेंढी आळीपाळीनं बघत राहिले. "आता काय," काकी म्हणाल्या, "कागदाला दाखवून परत आत घालू?"

पहिली डबल बी मेंढी व्याली तेव्हा तीन कोकरं झाली. अप्पांनी पेढे वाटले, व्हॉट्सॲपला फोटो टाकला. आईला दूध दोघांपुरतंही धड नव्हतं. तिसरं कोकरू गोणपाटात गुंडाळून चुलीपाशी, त्याला रात्री-बेरात्री बाटली, शेळीचा पान्हा मिळतो का बघ, लंगडं होतंय का बघ, हे सगळं काकींनी केलं. अप्पा रजिस्टरात वजन लिहीत होते. पंधरवड्यानंतर काकींनी बाटली त्यांच्या हातात दिली आणि त्या माहेरी गेल्या. परतल्या तेव्हा रजिस्टरात नवा नियम लिहिला गेला होता: मेंढीला एकच 'बी', दोन फक्त मेंढ्याला. खाली अधोरेखित, दोनदा. ते तिसरं कोकरू जगलं. आता ते काकींच्या मागं स्वयंपाकघरापर्यंत येतं, आणि त्याला विकायची भाषा घरात कुणी काढत नाही.

गेल्या वर्षी अप्पांच्या सुनेला जुळं झालं, एक मुलगा, एक मुलगी. बारशाला सगळा गाव. अप्पा मांडवात फेटा बांधून श्रेय घेत फिरत होते. "घराण्यात हाय आमच्या," असं त्यांनी आचाऱ्यालाही सांगितलं. व्याह्यांना हे खुपलं. पंगतीत त्यांनी हळूच म्हटलं, "अप्पा, आमच्या दोघी थोरल्या आत्या जुळ्या. म्हणजे वडलांच्या बहिणी. आज्जीच्या पोटच्या."

अप्पांचा घास हातात राहिला. एक मुलगा, एक मुलगी, म्हणजे दोन वेगळी बिजं. ती एका वेळी सोडणं आईच्या अंगच्या गुणावर. तो गुण बापाकडून लेकीत उतरू शकतो. खटावच्या माणसाला त्यांनीच मातीत काढून दाखवलं होतं. खिशातून बॉलपेन निघालं, आमंत्रणपत्रिका उलटी झाली. वर आज्जी, खाली तिचा मुलगा, त्याखाली व्याही, त्याखाली सूनबाई. आपल्या मुलाला त्यांनी कडेला, रेघेबाहेर काढलं.

"म्हंजी आमच्या पोराचा संबंधच न्हाय ह्यात," ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी मान वर करून व्याह्यांकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. पायापासून खांद्यापर्यंत, सावकाश. ती नजर लोणंदच्या बाजारात मी पुष्कळदा बघितली होती. व्याह्यांनी उपरणं सारखं केलं.

"अहो," पलीकडून काकी म्हणाल्या, "ते पाव्हणं हाईत."

"ते खरं," अप्पा म्हणाले आणि जिलबीचं ताट आपल्या हातानं व्याह्यांपुढं सरकवलं. "पाव्हणं, धाकटीचं तुमच्या कुठं बघताय का अजून? न्हाय, आमचा बारका बी हाय लग्नाचा, म्हणून इचारतो."