खेळ सोडून बाकी सगळं

ठाकुर्लीचा माणूस समोरच्याकडे बघून आपला पत्ता ठरवतो. समोरचा पुण्याचा असेल तर "डोंबिवली" म्हणून मोकळा होतो, कल्याणचा असेल तर "तुमच्या अलीकडचं स्टेशन" म्हणतो. नुसतं "ठाकुर्ली" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "फास्ट थांबते का तिथे?" नाही थांबत. रेल्वेचं चोळा पॉवरहाऊस आमच्याकडे होतं. जीआयपी रेल्वेच्या काळापासून गाड्यांना वीज इथून जायची आणि गाड्या आम्हाला वारा घालून पुढे जायच्या. पॉवरहाऊस बंद पडूनही आता जमाना झाला. ठाकुर्ली टर्मिनस होणार हे मात्र आम्ही इतक्यांदा ऐकलंय की ते झालंच असावं, फक्त आपल्याला दिसत नसावं, अशी इथल्या ज्येष्ठ नागरिकांची समजूत आहे.

त्यामुळे माझ्या भाच्यानं "ठाकुर्लीत अरीना झालं पाहिजे" असं जाहीर केलं तेव्हा घरात कोणी दचकलं नाही. आईला तो नव्वद फुटी रोडवरचा नवा टॉवर वाटला. "टू बीएचके केवढ्याला देतायत?" एवढंच तिनं विचारलं.

भाचा जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले ऐकून आला होता. मनगटावरचा लुकलुकणारा पट्टा निघताना परत द्यावा लागला, याचं दुःख त्याला अजून आहे. त्याहून मोठं दुःख असं की एवढा बँड सातासमुद्रापलीकडून येतो आणि आपण त्याला क्रिकेटच्या मैदानात उघड्यावर उभा करतो.

"आपल्याकडे धड अरीनाच नाहीत रे मामा."

"म्हणजे नेमकं काय हवं?"

"वर छत, खाली काहीही. आज बास्केटबॉल, उद्या कॉन्सर्ट, परवा बॉक्सिंग."

वर छत आणि खाली काहीही! ही व्याख्या धरली तर कल्याण-डोंबिवली पट्ट्याचा हात जगात कोणी धरणार नाही.

आमच्या सोसायटीचा हॉल घ्या. तिथे टेबल टेनिसचं टेबल आलं तेव्हा नारळ फुटला, पेढे वाटले. पेढ्यांचे बॉक्स त्याच टेबलावर मांडले होते. त्याच क्षणी त्या टेबलाचं भविष्य ठरलं. तेव्हापासून बारशाचा बुफे, हळदीकुंकवाची वाणं, वार्षिक सभेचे वेफर्स आणि गणपतीतली महाप्रसादाची पातेली, सगळं त्याच्यावरच येतं. नेटच्या डाव्या अंगाला, कोपऱ्यापासून वीतभर आत, मसालेभाताच्या पातेल्याच्या बुडाचा गोल कायमचा उमटला आहे. त्या गोलात चेंडू पडला की उसळत नाही, बसतो. आमची पोरं आता इतकी तयार झालीत की सर्व्हिस नेमकी त्या गोलात टाकतात, आणि बाहेर कुठे सामना हरून आली की "तिथल्या टेबलाला गोलच नव्हता" म्हणून सांगतात. नेट सेक्रेटरींच्या कपाटात असतं. सेक्रेटरी बहुतेक वेळा गावाला असतात.

पण हे झालं घरगुती. मोठ्या मापाचं बघायचं तर डोंबिवलीत घरडा सर्कलला जायचं, ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडा संकुलात. नावात क्रीडा आहे आणि क्रीडा तिथे होतेही. पण संकुलाची प्रतिभा तेवढ्यावर थांबणारी नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच संकुलात भरलं. पु. भा. भावे डोंबिवलीचे, म्हणून मैदानाची तीन दिवस पु. भा. भावे साहित्यनगरी झाली. अध्यक्ष अक्षयकुमार काळे. एरवी जिथे पोरं घड्याळ लावून धावतात, तिथे वक्ते घड्याळ विसरून धावले आणि शिट्टी वाजवायला कोणी नव्हतं. डिसेंबरात इथेच आगरी महोत्सव भरतो. तांदळाची भाकरी, चिंबोऱ्या, सुकट, मांदेली! क्रीडा संकुलात त्या आठवड्यात जेवढं वजन वाढतं, तेवढं उतरवायला उरलेलं वर्ष अपुरं पडतं.

त्याच आवारात बंदिस्त क्रीडागृह आहे. २०२० मध्ये कोविडच्या काळात तिथे रुग्णालय उभं राहिलं. जिथे पोरं धापा टाकायची तिथे माणसं श्वासासाठी झगडली. ज्यांची माणसं तिथून बरी होऊन घरी आली, त्यांच्यासमोर "खेळाच्या जागेवर अतिक्रमण" असं म्हणायची माझी छाती नाही. पुढे ४ जून २०२४ ला कल्याण लोकसभा मतदारसंघाची मतमोजणी तिथेच झाली. हा प्रकार तसा खेळाला फार परका नाही म्हणा. फेऱ्या असतात, आघाडी-पिछाडी असते, जिंकलेल्याच्या अंगावर गुलाल पडतो आणि हरलेला पंचांकडे बोट दाखवतो.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, "मामा, मी डिझाइनबद्दल बोलतोय." मग मीही डिझाइनवर आलो, कारण खरी गंमत तिथेच आहे. खेळाला आणि गाण्याला एका छताखाली बसवणं म्हणजे एकाच पातेल्यात श्रीखंड आणि सुकट. बॅडमिंटनचं फूल जेमतेम पाच ग्रॅमचं. जरा वारा लागला की रेषेच्या आत पडायचं ते बाहेर पडतं. म्हणून पंखे बंद. शिवाय मोठ्या स्पर्धांना कोर्टाच्या वर बारा मीटर मोकळी उंची लागते. मे महिन्यात आमच्याकडच्या उकाड्यात पंखे बंद करून बॅडमिंटन खेळायचं, यात खेळ कमी आणि तपश्चर्या जास्त. आता त्याच बारा मीटर उंच पत्र्याखाली भावगीतांचा कार्यक्रम ठेवा. निवेदिकेचं "रसिकहो" छताला धडकून खाली येईपर्यंत ती "नमस्कार"पर्यंत पोचलेली असते, आणि मागच्या रांगेला दोन्ही एकदम मिळतात. तबला एकाच माणसानं वाजवला तरी तिघांनी वाजवल्यासारखा ऐकू येतो, आणि तिघंही वेगवेगळ्या लयीत.

या घुमण्याचा पहिला नीट हिशेब मांडला तो हार्वर्डच्या वॉलेस सेबाइन या प्राध्यापकानं, १८९५ च्या सुमारास. विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात कोणाचं बोलणं कोणाला कळत नव्हतं. हा गडी रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या उचलून आणायचा, त्या पसरून ऑर्गनची नळी वाजवायचा, आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचा, आणि सकाळच्या आत गाद्या जागच्या जागी. त्यातून त्याला कळलं की एक माणूस साधारण सहा गाद्यांइतका आवाज शोषतो. आपल्याकडच्या आयोजकांनी हे वाक्य फ्रेम करून लावावं. कार्यक्रमात तिसऱ्या रांगेत पेंगणाऱ्या काकांना आपण उगाच नावं ठेवतो. ते एकटे सहा गाद्यांचं काम करत असतात.

२०१४ मध्ये प्रो कबड्डीचं पहिलं पर्व आलं तेव्हा चोळेगावातल्या आमच्या एका दादूसना घेऊन मी वरळीला एनएससीआयच्या डोममध्ये गेलो होतो. मूळचं हे १९५७ चं सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियम. दादूसची जवानी गावच्या मातीत, ट्यूबलाइटच्या उजेडात कबड्डी खेळण्यात गेलेली. दोन्ही गुडघे त्याची साक्ष देतात. आत गार हवा, खाली मॅट, डोळे दिपवणारे दिवे, यू मुम्बाच्या नावानं ओरडणारी कॉलेजची पोरं, अनुप कुमारची थंड डोक्यानं केलेली चढाई. दादूस हाताची घडी घालून बसले होते.

"यो काय खेल हाय? कोनाच्या आंगाला माती नाय लागली."

मध्यंतरापर्यंत हेच. नंतर कधीतरी ते उभे राहिले आणि शेवटपर्यंत उभेच होते. मागच्या बाईंनी दोनदा बसायला सांगितलं. दादूसनी त्यांना कोपरारक्षक म्हणजे काय ते समजावून सांगितलं. परतीच्या लोकलमध्ये मुलुंड गेल्यावर ते बोलले. त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या सामन्याची आदली रात्र अवकाळी पावसात गेली होती. मैदानाचा चिखल झाला, सामना पुढे ढकलला, तो कधी झालाच नाही. "छप्पर पायजे," एवढंच म्हणाले. कुठल्याही आर्किटेक्टपेक्षा अरीनाची गरज त्यांनी कमी शब्दांत सांगितली.

भाच्याचं दैवत मात्र न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. तिथे आइस हॉकीचा बर्फ खाली तसाच राहतो, त्याच्यावर उष्णतारोधक तक्ते पडतात, तक्त्यांवर बास्केटबॉलचं लाकडी कोर्ट. एका रात्रीत सगळं बदलतं. आणि १९६८ पासूनची ही इमारत उभी कुठे आहे? पेनसिल्व्हेनिया रेल्वे स्टेशनच्या डोक्यावर! हे कळल्यापासून भाच्याला ठाकुर्ली स्टेशनच्या डोक्यावर दुसरं काही दिसत नाही. मला दिसतं. मला दिसतो चुकून फास्टमध्ये चढलेला जगप्रसिद्ध गायक, जो कल्याणला जाऊन स्लोनं उलटा येतोय. मला ऐकू येतं ऐन आलापात घुसलेलं "यात्रीगण कृपया ध्यान दें". आणि "वन्स मोअर" ओरडायच्या वेळी शेवटची गाडी पकडायला उठलेलं अर्धं प्रेक्षागृह, म्हणजे पुन्हा हजारो गाद्यांचा तुटवडा.

थट्टा बाजूला ठेवतो. न्यूयॉर्कच्या त्या इमारतीतला बर्फ, लाकूड, दिवे, यातलं मला काहीच हेवा करण्यासारखं वाटत नाही. हेवा वाटतो तो वेळापत्रकाचा. निक्स आणि रेंजर्स या दोन संघांचे मोसमात प्रत्येकी चाळीसेक सामने घरच्या मैदानावर असतात आणि त्यांच्या तारखा मोसम सुरू व्हायच्या कितीतरी आधी छापून येतात. गाणी, कुस्त्या, सभा त्या तारखांना सांभाळून होतात. आपल्याकडे खेळ म्हणजे बाकी काही नसेल त्या दिवशीचा कार्यक्रम. भाच्याची धाकटी बहीण एका क्रीडागृहात बॅडमिंटन शिकायला जायची. दारात "आज कोर्ट बंद" अशी पाटी आणि आत साड्यांचा सेल, असं इतक्यांदा झालं की तिचा बॅकहँड कच्चा राहिला आणि पैठणीची पारख पक्की झाली.

तेव्हा पालिकेनं, रेल्वेनं किंवा आणखी कोणी ठाकुर्लीत असं काही बांधायला घेतलंच तर आमचा विरोध नाही. संमेलनं भरवा, मतं मोजा, मुंजी लावा, वेळ आली तर खाटाही टाका. छत बारा मीटरवर ठेवा आणि महाप्रसादासाठी वेगळी टेबलं घ्या. पण आठवड्यातले तीन वार खेळाचे म्हणून दारावर रंगवून टाका, आणि त्या दिवशी मंत्री आले तरी त्यांना बूट काढून रेषेबाहेर बसवा. हरकती-सूचना मागवाल तेव्हा आमची ही एवढी एकच लिहून घ्या.